जंतू कोण मारतं, लेप की दिवा?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या बटणांना पारदर्शक लेप दिलाय. ‘उजेड पडला की ९९.९ टक्के जंतू मरतात’ असं विक्रेता सांगतो. हे मोजलं कोणी आणि कसं?

उत्तर : बटणावरच्या जंतूंची शिरगणती कोण करत बसणार, ही तुमची शंका रास्त आहे. गणती होते, पण प्रयोगशाळेत.

अशा लेपात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही तेच असतं. त्यावर अतिनील किरण पडले की हवेतल्या ऑक्सिजन आणि बाष्पापासून अतिशय क्रियाशील कण तयार होतात, ते जिवाणूंचं आवरण पोखरतात. अंधारात हा लेप जवळजवळ स्वस्थ बसतो.

आयएसओ २७४४७ या मानकानुसार लेप दिलेल्या ५ सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यावर जिवाणूंचं द्रावण टाकतात. ते सुकू नये म्हणून वर पातळ फिल्म ठेवतात आणि अतिनील दिव्याखाली साधारण ८ तास राहू देतात. मग वाचलेले जिवाणू धुऊन घेऊन बशीत वाढवतात आणि वसाहती मोजतात.

खरी मेख पुढेच आहे. जिवाणू नुसत्या किरणांनीही मरतात, काही तर आपोआपच. म्हणून बिनलेपाचे तुकडेही लागतात, आणि दोन्ही प्रकारचे तुकडे उजेडात तसेच अंधारातही ठेवावे लागतात. समजा, सुरुवातीला १ लाख जिवाणू होते. उजेडातल्या साध्या तुकड्यावर १० हजार उरले, लेपाच्या तुकड्यावर १००. ‘९९.९ टक्के मेले’ हे खरंच. पण त्यातले ९० टक्के दिव्यानेच मारले. लेपाचं श्रेय १० हजारांचे १०० करण्यापुरतं. लेपात चांदी किंवा तांबं मिसळलं असेल तर तो अंधारातही जंतू मारतो. तोही वाटा वजा करायचा.

दुसरा गैरसमज ‘उजेड’ या शब्दाचा. साध्या टायटॅनियम डायऑक्साइडला सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण लागतात. लिफ्टमधल्या एलईडीत ते नसल्यातच जमा. घरातल्या उजेडावर चालणारे सुधारित लेप निघालेत, त्यांच्यासाठी आयएसओ १७०९४ हे वेगळं मानक आहे.

तेव्हा विक्रेत्याकडे अहवाल मागा. मानक कोणतं, दिवा कोणता, साध्या तुकड्यावर किती जिवाणू उरले, हे त्यात बघा. आणि तासांचा रकाना चुकवू नका, कारण तुमच्यानंतर चौथ्या मजल्यावरचे काका अर्ध्या मिनिटात तेच बटण दाबतात.