ओरबाडायला जागा द्या

घरात शिवणकाम करणाऱ्या बाईने मांजर पाळू नये, असं मला बऱ्याच जणींनी सांगितलं होतं. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मशीन बाहेरच्या खोलीतच आहे. गिऱ्हाइकांच्या साड्या, ब्लाउजपीस, अस्तरं, सगळं तिथेच. ऐन पावसाळ्यात पार्किंगमधल्या स्कूटरखाली भिजून कुडकुडणारं पिल्लू धाकटीने वर आणलं आणि ठमी घरची झाली. थोड्याच दिवसांत सोफ्याच्या एका हातातून आतला फोम डोकावायला लागला, पडद्याच्या काठाचे धागे लोंबायला लागले.

तिला पहिली लस टोचायला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या मदतनिसाला मी विचारलं, यावर काही उपाय आहे का? तो म्हणाला, "नखंच काढून टाकू या ना, ताई. एकदा भूल दिली की झालं, कायमची कटकट मिटेल." त्याने ते इतक्या सहज सांगितलं, की समोरचा माणूस हो म्हणून मोकळा होईल. हे मी लिहिते आहे ते मुख्यतः तशा वेळी पिल्लू घेऊन तिथे बसलेल्या माणसासाठी.

मांजराचं नख आपल्या नखासारखं कातडीतून उगवत नाही, ते बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. नख पुन्हा येऊ नये म्हणून ते हाडच काढावं लागतं, म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर कापलं जातं. मांजर चालतं ते बोटांवर. पेरं गेल्यावर त्याची चाल बिघडते, पंजे दुखत राहू शकतात. वाळू उकरताना दुखतं म्हणून ते ट्रे सोडून गादीवर शी-शू करायला लागतं, आणि नखं नसल्यामुळे घाबरलं की थेट चावतं. सोफा वाचवायला जावं आणि गादी गमवावी, असा तो सौदा. इंग्लंडमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार हे करता येत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये यावर बंदी घातली. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही प्राण्याचा अवयव तोडून त्याला विद्रूप करणं हे क्रूरतेत मोडतं. सोफ्यासाठी तर हे कधीच करू नये. कुणी सुचवलंच तर पिल्लू उचलायचं आणि दुसरा डॉक्टर शोधायचा.

मग करायचं काय? आधी ते ओरबाडतं कशासाठी हे बघायचं. ठमीने फाडलेल्या सोफ्याच्या कापडात मला एकदा नखाची पोकळ टरफलं अडकलेली सापडली, चंद्रकोरीसारखी वाकडी आणि अगदी पातळ. नख मोडलं की काय म्हणून मी घाबरून तिचे पंजे तपासले, तर सगळी नखं जागच्या जागी आणि नवी कोरी, सुईसारखी टोकदार. मांजराच्या नखावर थर असतात. वरचा जुना थर सुटून पडावा लागतो, आणि तो कशात तरी नख रुतवून ओढल्याशिवाय सुटत नाही. शिवाय झोपून उठलं की पुढचे पाय रोवून पाठ ताणायची त्याला गरज असते. तिसरं कारण वासाचं. पंजांच्या तळव्यांशी ग्रंथी असतात, त्यांचा वास ओरखड्यांबरोबर तिथे लागतो आणि ही जागा माझी, असं ठरून जातं. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यावर येतं. यातली एकही गरज ओरडण्याने किंवा मारण्याने संपत नाही. पाण्याचा फवारा मारला तर ते तुम्ही घरात नसताना ओरबाडायला शिकतं, एवढंच होतं.

कापडात आयुष्य गेलं असल्यामुळे एक गोष्ट माझ्या पटकन लक्षात आली. ठमी सगळंच फाडत नव्हती. जाडसर, खडबडीत, सैल विणीचं कापड तिला हवं असायचं. सोफ्याचं कापड ज्यूटसारखं जाड होतं, पडदा हातमागाचा. शेजारी ठेवलेल्या खुर्चीवर घट्ट विणीची, मऊ मखमल आहे, तिला तिने नखही लावलं नाही. खडबडीत विणीत नख रुततं, ओढलं की करकर आवाज होतो, धागा सुटतो. गुळगुळीत घट्ट कापडावर नख नुसतं घसरतं. नवा सोफा घेणार असाल किंवा जुन्याला कव्हर शिवून घेणार असाल, तर कापडाच्या दुकानात बोटाचं नख त्यावर ओढून बघा. नख कुठे अडकलं तर ते कापड मांजराच्या घरात टिकणार नाही.

हाच खडबडीतपणा तिला दुसरीकडे द्यायचा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात तयार खांब मिळतात, पण स्वस्तातले बहुतेक बुटके आणि हलके असतात. मांजराने पंजे टेकून जोर लावला आणि खांब डुलला, की ते पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. खांब कसा असावा, तर मोठं झालेलं मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल इतका उंच, म्हणजे अडीच ते तीन फूट, आणि हलवला तरी न हलणारा. आम्ही वखारीतून उरलेल्या लाकडाचा एक तुकडा आणला आणि जुन्या पाटावर खालून लांब स्क्रूने घट्ट बसवला. पाटावर पायपुसणं अंथरलं. खांबावर घायपाताची दोरी गुंडाळली. दुकानातल्या खांबांवर असते ती बहुधा हीच. ती मिळाली नाही तर काथ्याचा सुंभही चालतो. तीन इंच जाडीच्या गोल खांबावर दोन फूट उंचीपर्यंत सहा मिलिमीटरची दोरी घट्ट, फट न सोडता गुंडाळायची तर २५ ते ३० मीटर लागते. थोडी जास्तच आणा. सैल वेढ्यात पिल्लाचं नख अडकून मुरगळतं, म्हणून प्रत्येक वेढा ओढून बसवा आणि दोन्ही टोकं फेविकॉलने चिकटवून आत दाबून टाका. खिळा ठोकलात तर त्याचं डोकं लाकडात पूर्ण गाडा.

एवढीही सोय नसेल तर लाकडी पलंगाच्या पायाला गोणपाट गुंडाळून सुतळीने करकचून बांधा. किराणा दुकानदार रिकामं पोतं थोड्या पैशांत देतो. काही मांजरांना उभं ओरबाडायला आवडतच नाही, ती जमिनीवरच्या सतरंजीला लागतात. अशांना काथ्याचं पायपुसणं किंवा पुठ्ठा द्यावा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याच्या चार-चार बोटं रुंद पट्ट्या कापायच्या, नळ्या दिसणारी कड वर करून त्या एकमेकींना चिकटवायच्या आणि उथळ खोक्यात घट्ट बसवायच्या. पुठ्ठ्याचा चुरा घरभर होतो खरा, पण तो झाडूने निघतो. तुमचं पिल्लू सध्या काय फाडतंय, उभं की आडवं, कापड की लाकूड, हे दोन दिवस बघितलंत की कोणता प्रकार करायचा ते कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जागा. लोक एवढी मेहनत करतात आणि खांब बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवतात, कारण तो दिसायला बरा नसतो. मग मांजर तिकडे फिरकत नाही आणि लोक म्हणतात, उपाय फुकट गेला. खांब फाटलेल्या सोफ्याला अगदी खेटून, मांजराच्या वाटेतच हवा. दुसरा ते झोपतं तिथे, कारण जाग आल्याबरोबर ताणायला तोच लागतो. सोफ्याचा फाटलेला हात तेवढ्यापुरता झाकायचा. मी जुनी सॅटिनची चादर घट्ट खोचली आणि कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. चिकट पृष्ठभाग पंजांना मुळीच आवडत नाही. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलही चालतो. खांबाची सवय पक्की झाली की मग तो रोज दोन-चार बोटं सरकवत आपल्याला हव्या त्या जागी न्यायचा. एकदम उचलून दुसऱ्या खोलीत ठेवला की मांजर पुन्हा सोफ्यावर.

पिल्लाचे पंजे धरून खांबावर घासू नका, ते बिथरतं. खांबाच्या वरच्या टोकाला पीस बांधून हलवा. ते पकडायला उडी मारताना नखं आपोआप दोरीत रुततात. रुतली की लगेच कौतुक करायचं, उकडलेल्या चिकनचा एखादा कण द्यायचा. मोठ्या मांजरांसाठी कॅटनिपची पूड मिळते, पण काही महिन्यांच्या आतल्या पिल्लांवर ती चालत नाही, आणि काही मांजरांवर तर कधीच नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पडीक जागी खोकली नावाचं झुडूप उगवतं. त्याच्या ताज्या मुळाच्या वासानेही मांजरं खुळावतात. ओळख पक्की असेल तर मूळ धुऊन दोरीवर घासून बघा. फुकटचा उपाय आहे.

उपायांच्या नादात कोणता वास वापरता, याबद्दल मात्र हात जोडून सांगते. माझ्या भावाकडे पिल्लू आल्यावर कुणीतरी त्याला सोफ्याच्या गाद्यांखाली डांबरगोळ्या ठेवायला सांगितलं. गोळी गोल, पांढरी, धक्का दिला की घरंगळणारी. पिल्लाने ती बाहेर काढली आणि तिच्याशी दिवसभर खेळलं, पंजे चाटले. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, हिरड्या फिक्या पडल्या. रात्री डॉक्टर मिळाले आणि सलाइन लागलं म्हणून ते वाचलं. डांबरगोळीतलं नॅप्थलीन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. कापूर, निलगिरीचं तेल, टी-ट्री तेल, लिंबू-संत्र्याची अर्कतेलं हीसुद्धा मांजराला विषारी. फिनेलही तसंच. मांजराच्या यकृताला ही रसायनं नीट निकामी करता येत नाहीत, आणि फरशीवरचं सगळं पंजावाटे त्याच्या तोंडात जातं. फवारायला असलं काही वापरूच नका. तिखट, मिरपूड टाकणं हा तर निव्वळ छळ आहे.

नखांची टोकं कापणं हा त्यापेक्षा कितीतरी बरा उपाय. मांजरांसाठीचं छोटं नेलकटर एकदा घेतलं की वर्षानुवर्षं पुरतं. पिल्लू पेंगत असताना रोज नुसते पंजे हातात घ्यायची सवय आधी लावा. मग एका बोटाच्या गादीवर हलकेच दाबलं की नख बाहेर येतं. उजेडात धरलं तर आतली गुलाबी जिव्हाळी स्पष्ट दिसते. तिच्यापासून लांब, फक्त पुढचं पारदर्शक टोक कापायचं. एका बैठकीत दोन-तीनच नखं झाली तरी हरकत नाही. चुकून रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरा, थांबतं. पुढच्या पायांची पाच-पाच नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापली की पुरतं. त्यातलं अंगठ्याचं नख जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही आणि वाढून वळून मांसात घुसतं. ते विसरू नका. टोकं कापली म्हणून ओरबाडणं थांबत नाही, पण कापडात खोल जाणारी ओढ थांबते.

मुलांना एक नियम घालून द्या. पिल्लाशी हाताने झटापट करायची नाही. काठीला बांधलेलं फडकं किंवा चेंडू घ्यायचा. आज गंमत वाटणारी नखं सहा महिन्यांनी रक्त काढतात. दोरा-सुई, सुतळी, लेस खेळायला देऊ नका. गिळलेला दोरा आतडं कापत जातो. माझ्या घरात बॉबिनसुद्धा आता डब्यात बंद असतात.

आणि ओरखडा आलाच, तर हळद लावून गप्प बसू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाच्या बाबतीत रेबीजचा धोका धरूनच चालावं लागतं. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्या.

कधी कधी खांबाला सरावलेलं मांजर अचानक पुन्हा सोफ्याकडे वळतं. घरात दुसरं मांजर आलंय का, सामान हललंय का, बांधकामाचा आवाज चाललाय का, ते बघा. त्याबरोबर खाणं कमी झालं असेल किंवा ट्रेबाहेर शू होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. काहीच नसेल तर दोरी तपासा. पार झिजून तिचे तंतू उरले असले तर नख रुतत नाही. मात्र खांब फेकून नवा आणू नका, आणि सगळी दोरी एकदम बदलूही नका. मांजराचा वास त्यात मुरलेला असतो. मधल्या झिजलेल्या भागावरची तेवढी काढा, वर-खाली जुने आठ-दहा वेढे राहू द्या आणि मध्ये नवी दोरी भरा.