मिल वुड्स : एक उपनगर
कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील गवताळ मैदानांत एडमंटन हे शहर वसले आहे. त्याच्या आग्नेयेस मिल वुड्स हे विस्तीर्ण उपनगर आहे. घरांच्या किमती आटोक्यात राहाव्यात, म्हणून १९७० च्या सुमारास शासनाने येथील शेतजमीन आधीच खरेदी करून ठेवली. वळणावळणाच्या रस्त्यांलगत घरे उभी राहिली; पुढे पंजाबातून आलेली कितीतरी कुटुंबेही येथे स्थिरावली. २०२३ मध्ये शहराच्या मध्यभागापर्यंत रेल्वे सुरू झाली.

परंतु ही भूमी बेवारस नव्हती. येथे पापास्चेस या क्री समाजाची राखीव जमीन होती. १८८८ मध्ये अवघ्या तिघांच्या संमतीवर ती सरकारजमा झाली. वंशजांनी न्यायालयात दाद मागितली. दाव्याची मुदत उलटून गेली आहे, असे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरविले. उपनगरातील एका वस्तीचे नाव मात्र आजही ‘सकाव’ आहे. क्री भाषेत सकाव म्हणजे रान.