यंत्रशाळेतून क्लाउडकडे

यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी क्लाउड व डेव्हऑप्सच्या कामाकडे वळू लागली की, घरच्या वडीलधाऱ्यांना पहिली चिंता वाटते ती ही, की चार वर्षांचे शिक्षण फुकट गेले काय? आमच्या मते ते फुकट जात नाही. मात्र तेवढ्यावर भागतही नाही. काय बरोबर न्यावे व काय नव्याने शिकावे, ते येथे थोडक्यात पाहू.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे संगणक गरजेपुरते भाड्याने वापरणे. घरी विहीर न खणता नळाचे पाणी घ्यावे व मीटरप्रमाणे पैसे भरावेत, तसा हा व्यवहार. ॲमेझॉनने ही सेवा २००६ साली खुली केली. डेव्हऑप्सचे मूळ निराळे आहे. प्रोग्राम लिहिणारे एका विभागात, तो चालता ठेवणारे दुसऱ्या विभागात, आणि बिघाड झाला की दोष एकमेकांवर! ही भिंत काढण्याच्या विचाराने २००९ साली बेल्जियममधील गेंट येथे परिषद भरली व तेथून हे नाव रूढ झाले. कारखान्यात डिझाइन व उत्पादन या विभागांतील तंटे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे दुखणे अपरिचित नाही.

आता साम्य पाहू. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसविला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात व झडप मिटू लागते. वेग घटला की ती उघडते. गूगलने २०१४ साली प्रसिद्ध केलेली कुबरनेटिस प्रणाली याच तत्त्वावर चालते. एका सेवेच्या पाच प्रती चालू हव्यात असे तिला सांगून ठेवले, आणि एक बंद पडली, तर ती आपण होऊन नवी सुरू करते. ‘गव्हर्नर’ व ‘कुबरनेटिस’ हे दोन्ही शब्दही सुकाणू धरणारा या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दापासून निघाले आहेत.

भेदही ध्यानात ठेवावा. बेअरिंग झिजते, तापते, आवाज करते. म्हणजे आगाऊ सूचना देते. प्रोग्राम झिजत नाही. तो बहुधा कोणी बदल केला की बिघडतो. म्हणून येथे बदल लहान करावा, तपासून करावा, आणि तो मागे घेण्याची सोय आधी करून ठेवावी.

अभ्यासाचा क्रम आम्ही असा सुचवितो: प्रथम लिनक्स व नेटवर्कची मूलतत्त्वे, मग पायथन व गिट, नंतर डॉकर, त्यानंतर कोणतीही एक क्लाउड सेवा, आणि शेवटी टेराफॉर्म व कुबरनेटिस. प्रमाणपत्रांचा ढीग जमविण्यापेक्षा एक लहानशी सेवा स्वतः उभारावी, मुद्दाम मोडावी आणि दुरुस्त करावी. तत्पूर्वी खर्चाची मर्यादा ओलांडताच सूचना मिळेल अशी व्यवस्था करावी. चालू राहिलेला नळ येथेही बिल वाढवितो.

या कामात रात्री-अपरात्री हाक येते, आणि आरंभी पगारात एक पायरी खाली उतरावे लागण्याचाही संभव असतो. म्हणून केवळ शेजारचा गेला म्हणून कोणी जाऊ नये. ज्याचे मन लेथ व इंजिनातच रमते, त्याने खुशाल तेथेच राहावे. परंतु ज्याने विचारपूर्वक ठरविले आहे, त्याला घराने एक वर्षाची सवड व विश्वास द्यावा. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली ज्या बडोद्यात कलाभवन उघडून हातच्या विद्येला मान दिला, तेथील कुटुंबांना हे जड जाऊ नये.