चलन व्यवहार : आधी जोखीम ओळखा

जमिनीचा मोबदला हाती आला, की डॉलरच्या चढउतारातून झटपट नफ्याचे आमिष दाखविणारे पनवेल परिसरातही भेटतात. शेतकरी बंधूंनी आधी हिशेब समजून घ्यावा. बाजारात डॉलर-रुपयाचा एक सौदा १,००० डॉलरचा असतो. अनामत थोडीच भरावी लागते. परंतु दर १ रुपयाने उलटा फिरल्यास १० सौद्यांत १०,००० रुपये जातात. आंबा निर्यातदार मात्र डॉलर येण्याआधीच दर बांधून घेण्यासाठी हा सौदा करतो. रिझर्व्ह बँकेच्या ३ मे २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार असे प्रत्यक्ष येणे-देणे नसल्यास रुपयाचे सौदे करता येत नाहीत.

लक्षात ठेवा :
१) मान्यताप्राप्त बाजाराबाहेर सौदा करू नये.
२) रिझर्व्ह बँकेची सावधानतेची यादी पाहावी.
३) बियाणे, खते व कर्जफेडीचा पैसा यात गुंतवू नये.