लखनौचे अब्दुल मसीह : दीक्षा दोन, पाचारण एक

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०, १३:१-३, २ तीमथ्य १:६-१४



देवाच्या सेवेस मनुष्याला पाठवितो कोण? मंडळी पाठविते, बिशप पाठवितात, की प्रभू पाठवितो? हा प्रश्न केवळ ईश्वरविज्ञानाच्या वर्गातला नव्हे. अमुक पाळकाची दीक्षा कोणत्या परंपरेतली, ती आपल्याकडे चालेल काय, यावरून आपल्या मंडळ्यांत मने दुरावलेली आपण पाहतो. या प्रश्नाचा विचार एका जीवनचरित्राच्या आधारे करू या. ते चरित्र लखनौ येथे ४ मार्च १८२७ रोजी प्रभूमध्ये निजलेल्या अब्दुल मसीह यांचे आहे.

१. बांधणीसाठी आलेला ग्रंथ

त्यांचे मूळ नाव शेख सालेह. जन्म दिल्लीचा, सुमारे १७७६ चा. फारसीचे ते चांगले जाणकार होते. पुढे ते लखनौस आले. अवधच्या दरबारी ते रत्नभांडाराचे रक्षक होते, असे जुन्या मिशनरी वृत्तांतांत म्हटले आहे.

१८१० मध्ये ते कानपुरास आले असता, हेन्री मार्टिन आपल्या आवारात जमणाऱ्या भिकाऱ्यांना दर रविवारी उपदेश करतात, असे त्यांच्या कानी आले. ते ऐकावयास गेले. त्या दिवशी दहा आज्ञांचे विवेचन चालू होते. ते शब्द त्यांच्या अंतःकरणाला भिडले. अधिक जाणून घ्यावे म्हणून त्यांनी मार्टिन यांच्याकडे फारसी मजकुराची नक्कल करण्याचे काम मिळविले. पुढे मार्टिन यांचा उर्दू नवा करार पूर्ण झाला, तेव्हा त्याचे हस्तलिखित बांधणीसाठी शेख सालेह यांच्या हाती आले. ते परत करण्यापूर्वी त्यांनी ते वाचून काढले.

हा करार श्रीरामपूर येथे छापला गेला तो १८१४ साली. म्हणजे ग्रंथ छापखान्यात जाण्यापूर्वीच त्याचे पहिले फळ दिसले. अनुवादाच्या मेजावर बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट नम्र करते. एकेका शब्दासाठी आपण वाद घालतो. पण देवाचा आत्मा आपली शेवटची दुरुस्ती होईपर्यंत थांबत नाही.

१८११ च्या पन्नासाव्या दिवसाच्या सणास, कलकत्त्याच्या जुन्या चर्चमध्ये डेव्हिड ब्राऊन यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. तो पाहावयास मार्टिन तेथे नव्हते. त्याच वर्षाच्या जानेवारीत ते इराणकडे निघून गेले होते. शेख सालेह यांचे नवे नाव अब्दुल मसीह, म्हणजे ख्रिस्ताचा दास. अरबी ‘अब्द’ या शब्दात गुलाम, सेवक आणि उपासक हे तिन्ही अर्थ आहेत. रोमकरांस पत्राच्या आरंभी पौल स्वतःविषयी जो ग्रीक शब्द योजतो, त्यातही धन्याच्या मालकीचा असण्याचा भाव आहे.

२. मेंढपाळ आहे, पण अधिकार नाही

१८१३ मध्ये डॅनियल कॉरी यांच्याबरोबर अब्दुल मसीह चर्च मिशनरी सोसायटीचे प्रचारक म्हणून आग्र्यास गेले. ते वचन वाचून दाखवीत, प्रश्नांना शांतपणे उत्तरे देत आणि गोरगरिबांना औषध देत. हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतून माणसे बाप्तिस्म्यास पुढे आली. प्रकृती बिघडल्यामुळे १८१४ मध्ये कॉरी आग्रा सोडून गेले. कळप अब्दुल मसीह यांच्याकडे राहिला. पण ते दीक्षित पाळक नव्हते. वचन सांगावे, आजाऱ्याजवळ बसावे, परंतु प्रभुभोजनाची भाकर मोडू नये, अशी ही स्थिती होती.

तोडगा का निघेना? कलकत्त्याचे पहिले बिशप मिडलटन यांचे म्हणणे असे की, आपल्याला मिळालेल्या राजसनदेत हिंदुस्थानी माणसाला दीक्षा देण्याचा अधिकार नाही. आत्म्याने दिलेले दान सर्वांना दिसत होते. कागदावर मात्र त्याला जागा नव्हती.

३. लुथरन हस्तारोपण

अखेर १८२० मध्ये लुथरन मिशनऱ्यांनी अब्दुल मसीह यांच्यावर हात ठेवून त्यांना पाळकीय दीक्षा दिली. लुथरन मंडळीला हे नवीन नव्हते. तरंगंबाडी येथे आरोन या तमिळ बंधूला तिने १७३३ मध्येच पाळक केले होते. १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराचे चौदावे कलम सांगते की, रीतसर पाचारण झाल्यावाचून कोणी मंडळीत जाहीर शिक्षण देऊ नये व पवित्र विधी चालवू नयेत. म्हणजे पाचारण हवेच, शिस्तही हवी. पण त्यासाठी बिशपचाच हात हवा असा लुथरन आग्रह नाही.

१८२३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून कलकत्त्याच्या बिशपची अडचण दूर केली. १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी अब्दुल मसीह यांना अँग्लिकन दीक्षा दिली.

मग पहिली दीक्षा खोटी ठरली काय? अँग्लिकन शिस्तीत बिशपचे हस्तारोपण आवश्यक असल्यामुळे हेबर यांनी आपल्या मंडळीच्या नियमाप्रमाणे केले. तथापि मधल्या पाच वर्षांत लुथरन पाळक म्हणून अब्दुल मसीह यांनी केलेली सेवा त्यामुळे रिकामी ठरत नाही. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये क्रम पाहा : बर्णबा व शौल यांना आत्म्याने आधीच पाचारण केले आहे, मंडळी उपास व प्रार्थना करून मग हात ठेविते. मंडळी पाचारण निर्माण करीत नाही. ती ते ओळखते. ओळखण्यास ती उशीर करू शकते, आणि त्या उशिराची किंमत कळपाला मोजावी लागते.

४. पुन्हा लखनौ

आयुष्याच्या अखेरीस ते लखनौस परतले. ज्या शहराने त्यांना दरबारी चाकरीत पाहिले होते, त्याच शहरात आता ते ख्रिस्ताचे पाळक म्हणून वावरले. हा काळ थोडा होता. दुसऱ्या दीक्षेनंतर दोन वर्षांच्या आतच ते निवर्तले. २ तीमथ्य १:१४ मध्ये पौल ज्या उत्तम ठेवीविषयी बोलतो, ती राखणारा हा रत्नरक्षक शेवटपर्यंत विश्वासू राहिला.

वाचकहो, ज्याचे दान आपल्याला दिसते, पण ज्याला आपण अजून जागा दिलेली नाही, असा कोणी आपल्या मंडळीत आहे काय? नियम मोडा, असे मी म्हणत नाही. नियमाच्या आड लपू नका, एवढेच म्हणतो.

मननासाठी प्रश्न

१. फिलिप्प व कूशी अधिकारी यांच्या वृत्तांतात लिखित वचन आणि ते समजावून सांगणारा मनुष्य, या दोहोंचे कार्य कसे दिसते? अब्दुल मसीह यांच्या जीवनाशी त्याची तुलना करा.

२. पाचारण व दीक्षा यांतील फरक प्रेषितांची कृत्ये १३:१-३ च्या आधारे आपल्या शब्दांत सांगा.

३. दुसऱ्या परंपरेत दीक्षा घेतलेल्या पाळकाकडे आपली मंडळी कोणत्या दृष्टीने पाहते?

प्रार्थना : हे प्रभू, तू ज्यांना बोलाविले आहेस त्यांना ओळखण्याची दृष्टी आम्हांस दे, आणि आमच्या विलंबामुळे तुझा कळप उपाशी राहू देऊ नकोस. आमेन.