फिरत्या दवाखान्याचा टप : डागडुजी की बदल?

दुर्गम पाड्यांवर जाणाऱ्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीचा टप गळू लागला, तर औषधे भिजतात आणि रुग्णसेवा खंडित होते. गळती बहुधा पत्र्यातून नव्हे, तर सांधे, रिव्हेट व झडपांच्या कडांतून होते. उन्हाने तेथील सीलंटला भेगा पडतात. पाणी आतून वाहत जात असल्याने ते टपकते त्याच जागी छिद्र असेलच असे नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी संपूर्ण टप तपासावा. आतील प्लायवूड टणक असल्यास जुने सीलंट खरवडून, जागा स्वच्छ व कोरडी करून नवे भरणे पुरेसे ठरते. ओलसर जागेवर थर चढविल्यास ओल आतच कोंडते. मात्र प्लायवूड दाबताच खचत असेल किंवा सांगाडा गंजला असेल, तर तो भाग बदलणेच हितावह होय.