'शॅल' आणि 'विल'

'आय' आणि 'वुई' यांना 'शॅल', बाकी सर्वांना 'विल', अर्थ भविष्यकाळ : हा नियम आपण सर्वांनी शाळेत घोकलेला आहे. माझ्या मते ही दोन्ही साहाय्यक क्रियापदे मुळात काळाची नव्हेतच.

जुन्या इंग्रजीत 'विल' म्हणजे इच्छिणे. ती इच्छा अजून जिवंत आहे. म्हणून तर मृत्युपत्राला 'विल' म्हणतात. 'शॅल'चा मूळ अर्थ देणे लागणे, भाग असणे. 'विल' नाम म्हणूनही वावरते, 'शॅल' तसे वावरत नाही. (ऋणकोला कसली आली इच्छा!)

जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले. प्रथमपुरुषी 'शॅल' केवळ भाकीत करतो, 'विल' वचन देतो किंवा धमकावतो. द्वितीय आणि तृतीय पुरुषी नेमके उलट, असा भेद त्याने नोंदवला. हे उलटेपण सकारण आहे. 'यू शॅल गो' यात जाणाऱ्याची इच्छा नसून बोलणाऱ्याची सक्ती आहे. यावरचा जुना विनोद प्रसिद्ध आहे. बुडणारा एक परका मनुष्य 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असे ओरडला, आणि काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेला मान देऊन निघून गेले!

आज बोलण्यात जवळजवळ सर्वत्र 'विल'च ऐकू येतो. 'शॅल वुई गो?' अशा विचारणेत 'शॅल' उरला आहे, आणि कायद्यात तो ठाण मांडून बसला आहे. तेथे मात्र मराठी वाचकाने सावध राहावे. आपल्याकडे 'तो जाईल' हा भविष्यकाळ, तर 'त्याने जावे' हा विध्यर्थ. कायद्यातील 'शॅल' या दुसऱ्याच्या जवळचा, किंबहुना त्याहून कडक. भारतीय संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदात, राज्य कोणालाही कायद्यापुढील समानता नाकारणार नाही, असे आपण मराठीत वाचतो. कानाला ते सरकारने दिलेले आश्वासन वाटते. इंग्रजी संहितेत तेथे 'शॅल नॉट' आहे. ते आश्वासन नव्हे. राज्याच्या हाताला घातलेले बंधन आहे. ते मोडले तर नागरिकाला न्यायालयात जाता येते. नुसत्या भाकितावर कोण दाद मागणार?

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात कर्तव्य सांगताना 'शॅल' टाळून 'मस्ट' योजला आहे. आपल्या इंग्रजी संहितेत 'शॅल'च आहे. म्हणून भाषांतराच्या तासाला मी विद्यार्थ्यांना 'नाकारणार नाही' याशेजारी 'नाकारता कामा नये' असेही लिहावयास सांगतो आणि दोन्ही मोठ्याने वाचावयास लावतो.